चष्मा पुसेपर्यंत

चौदा महिने झाले, तरी त्या माणसाचा विषय निघाला की माझी सटकते. ऑफिसात सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणायचे. तोंडावर अहो-जाहो केलं, तो जागेवर नसला की त्याच्या चहावर बशी झाकून ठेवली. इथे मात्र मी एकेरीतच बोलणार. तेवढा हक्क मी कमावलाय.

तो मला पहिल्या दिवसापासून तू म्हणाला. माझं वय तेव्हा एकोणचाळीस. भांडुपला आमच्या चाळीतली पोरं मला मावशी म्हणतात. आमचा मालक माझ्याहून चार वर्षांनी लहान, तोसुद्धा पहिलं वर्षभर मॅडम म्हणायचा. आणि हा बोरिवलीहून दोन बस बदलून आलेला म्हातारा, हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला स्वतःचा कीबोर्ड. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच का ती टायपिंगवाली? खुर्ची पुढे घे."

टायपिंगवाली होतेच मी. नऊ वर्षं होते. आमची कंपनी म्हणजे भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, खाली बेअरिंगवाल्याचं गोडाऊन, वर आम्ही अकराजण. हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं. सोसायट्यांची जुनी कागदपत्रं यायची आणि मी ती मराठीत टाइप करायचे. मग एक दिवस मालकानं केबिनमध्ये बोलावलं. आता फोटो काढला की मशीनच अक्षर वाचतं, टायपिंगची पोस्ट ठेवून काय करू, म्हणाला. माझा चेहरा बघून त्यालाच कसंतरी झालं असावं. मुलुंडच्या सोसायटीसाठी शोधायचं सॉफ्टवेअर हवंय, सर शिकवतील, तू करून दाखवलंस तर तुला प्रोग्रामर म्हणून घेतो, नाहीतर बघ यार, मी तरी काय करू, असं बोलला. घरात मी आणि आई. कमावणारी मी एकटी. शिकायला दोन महिने होते.

मुलुंडची ती सोसायटी मोठी, सात बिल्डिंगांची. तिच्या सेक्रेटरीकडे रहिवाशांची अकराशे तक्रारपत्रं होती, सगळी मीच टाइप केलेली. वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती, कबुतरं, पार्किंग, कोणाच्या कुत्र्यानं कोणाच्या चपला नेल्या. एक गृहस्थ दर महिन्याला लिहायचे की लिफ्टमध्ये कोणीतरी शिट्टी वाजवतं. सेक्रेटरीला एवढंच हवं होतं की शब्द टाकला, त्या शब्दाची पत्रं समोर आली.

त्यासाठी एक लायब्ररी वापरायची होती. पुस्तकांची नव्हे. कोणीतरी लिहून जगासाठी फुकट ठेवून दिलेला तयार कोड. कोणीही घ्या, आत डोकावून बघा, हवं तर बदला. तिच्यात आपली पत्रं घालायची, ती आतल्या आत यादी करते, कुठला शब्द कुठल्या पत्रात आहे त्याची. मग आपण शब्द विचारला की ती पत्रं काढून देते. आणि ही यादी डिस्कवर ठेवायचीच नाही, मशीनच्या मेमरीतच ठेवायची, असं म्हाताऱ्यानं ठरवलं. प्रोग्राम बंद केला की यादी गेली. परत चालू केला की परत बनवायची. अकराशे पत्रं म्हणजे काय मोठं, चुटकीसरशी होतं, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. पण त्याचं खूळ तिथेच थांबलं असतं तर मी आज कशाला बडबडत बसले असते?

पहिले तीन दिवस त्यानं मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. मालक पुण्याला गेला होता, त्याच्या केबिनमध्ये जमिनीवर चाळीस पत्रांचे प्रिंट पसरले आणि मला मांडी घालून खाली बसवलं. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करून आणले होते घरून. एका तुकड्यावर एक शब्द लिहायचा, त्याखाली तो ज्या ज्या पत्रात येतो त्यांचे नंबर. पाणी, चार, नऊ, सतरा. गळती, चार, सहा, नऊ, अकरा. मी म्हटलं, सर, मला कळलं, पुस्तकाच्या मागे असते तशी सूची. तो म्हणाला, कळलं ना, मग कर. तीन दिवस मी शब्द लिहीत होते. गुडघे धरले, बोटाला घट्टा पडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा तुकडा लिहून झाला. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. त्या ढिगातून कुठलाही शब्द काढ, मी पत्रं सांगू शकत होते. त्यानं दोन-तीन शब्द विचारले, मी बरोबर सांगितले. मग तो वाकला, सगळे तुकडे गोळा केले आणि रद्दीच्या खोक्यात टाकले.

"आता हेच मशीनला सांग. रिकाम्यापासून."

एकोणचाळिसाव्या वर्षी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि समोर फक्त नळ होता.

रिकाम्यापासून. हा त्याचा शब्द. रोज संध्याकाळी सहाला तो माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा, मी दिवसभर लिहिलेली फाइल उघडायचा, वरपासून खालपर्यंत एकदा वाचायचा आणि पुसून टाकायचा. मग रिसायकल बिनसुद्धा रिकामा करायचा, मेला. सकाळी मी आले की पांढरी स्क्रीन. मी विचारलं, सर, जगात कोणी असं शिकवतं का? तो म्हणाला, जगाचं मला माहीत नाही. मी म्हटलं, एक प्रत तरी ठेवूया, आधाराला. तो म्हणाला, मशीननं विसरलं तर विसरू दे, तुला काय झालंय?

घरी मी त्याच्या नावानं एवढे खडे फोडायचे की आई भांडी आपटायला लागायची. ती अजून मालवणीतच बोलते. एकदा म्हणाली, "ह्यो म्हातारो तुका शिकयता काय छळता?" मी म्हटलं, आई, मलाच कळत नाही. ती म्हणाली, "मगे जेव आधी. रागान जेवलला अंगाक लागना नाय." पण राग काही जेवणासाठी थांबत नव्हता.

त्याच्या बाकीच्या सवयीही डोक्यात जाणाऱ्याच. बरोबर बारा चाळीसला उभ्यानं चपातीचा रोल खायचा, खिडकीबाहेर बघत. कोणाला विचारायचा नाही, कोणी विचारलं तर नको म्हणायचा. 'जवळजवळ झालंय' हे वाक्य ऐकलं की त्याचं डोकं फिरायचं. झालंय किंवा नाही झालंय, जवळ काय राहतंय, असं विचारायचा. आणि कोणीही काही सापडत नाही म्हणालं की त्याचा एकच प्रश्न, आत काय घातलं होतंस? मालकाच्या गाडीची किल्ली सापडेना, सगळं ऑफिस शोधतंय, हा शांतपणे विचारतोय, ड्रॉवरमध्ये घातली होतीस का आधी? मालक दात-ओठ खात होता. किल्ली गाडीलाच लटकत होती.

पण सगळ्यात वाईट तो चष्मा. म्हातारा प्रश्न विचारायचा, डोळ्यांवरचा चष्मा काढायचा आणि शर्टाच्या टोकानं काचा पुसायला लागायचा. तो पुसतोय तोवर आपल्याला वेळ. ओरडायचा नाही, घाई करायचा नाही, वरसुद्धा बघायचा नाही. नुसता पुसत राहायचा, एक काच, मग दुसरी, मग परत पहिली. चष्मा डोळ्यांवर चढला की वेळ संपला. मग आपण काहीही सांगितलं तरी तो ऐकायचा नाही, उत्तर स्वतःच सांगून मोकळा व्हायचा, आणि ते उत्तर आपल्याला येत असायचं. दिवसातून दहा वेळा हे. त्या काचांवर कधी कसला डाग मी पाहिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझा प्रोग्राम पहिल्यांदा चालला. म्हणजे लाल अक्षरात शिव्या न देता शेवटपर्यंत गेला. मी 'गळती' टाकलं, उत्तर आलं, शून्य पत्रं. मला त्या शून्याचं काही वाटलं नाही. एवढे दिवस तो चालतच नव्हता, आज चालला, शून्य तर शून्य, काहीतरी बारीकसं राहिलं असेल. पावणेसहा वाजले होते. पंधरा मिनिटांत तो येऊन हे पुसणार होता. तो खिडकीशी पाठमोरा पाणी पीत उभा होता. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला, फाइल त्याच्यावर घेतली, आणि तो पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात टाकला, जिथे माझा गणपतीचा फोटो असतो. सहाला त्यानं येऊन फाइल वाचली आणि पुसली. त्या दिवशी मला राग आला नाही. मनात म्हटलं, पूस लेका, पूस.

दुसऱ्या दिवशी परत शून्य आलं तेव्हा त्यानं चष्मा काढला. त्यानं चष्मा चढवला आणि सांगितलं. या लायब्ररीत एक वाचक असतो, यादी वाचणारा. तो उघडला त्या क्षणी आत जे असेल तेवढंच त्याला दिसतं. नंतर घातलेलं दिसत नाही, त्याला पुन्हा उघडावं लागतं. मी वाचक आधी उघडला होता आणि पत्रं नंतर घातली होती. "रिकाम्या खोलीचा फोटो काढलास आणि मग माणसं आत सोडलीस," तो म्हणाला. "फोटोत कोण दिसणार?" एवढं सरळ वाक्य तो त्या दोन महिन्यांत एकदाच बोलला असेल. मी ती ओळ खाली घेतली, पत्रं आधी, वाचक नंतर, आणि धडाधड पत्रं आली. कबुतर टाकलं की कबुतरांची, शिट्टी टाकलं की त्या गृहस्थांची सगळीच्या सगळी. मी खुर्चीत नाचायची बाकी होते. तो म्हणाला, सहा वाजायला अजून वेळ आहे, अजून एकदा लिही.

त्यानंतर रोज मी बरोबर लिहीत होते. आधी अर्धा दिवस जायचा, मग तास, शेवटच्या आठवड्यात बावीस मिनिटं. घड्याळ त्यानं लावलं होतं, मी नाही. पेनड्राइव्ह पर्समध्ये पडून होता. त्यातली फाइल कुठल्या दिवशीची ते मी विसरले होते. डोक्यात एवढंच राहिलं होतं की ती चालणारी आहे.

शनिवारी सेक्रेटरी बघायला येणार होते. आदल्या दिवशी म्हातारा म्हणाला, त्यांच्यासमोर रिकाम्यापासून लिही, बावीस मिनिटं बसतील ते, बघतील कसं बनतं. मी म्हटलं, सर, वेडे आहात का? हे मी मनात म्हटलं. तोंडानं बरं म्हटलं. रात्रभर माझी बोटं चादरीवर टाइप करत होती.

अकराला येणार असलेले सेक्रेटरी साडेदहाच्या आत आले, बरोबर कमिटीतले दोघं. म्हातारा गॅलरीत होता. मालकानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, चल, कर सुरू. समोर तीन अनोळखी माणसं, पांढरी स्क्रीन आणि माझी गार पडलेली बोटं. त्या क्षणी मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी पर्सची चेन उघडली.

फाइल उघडली, प्रोग्राम चालू झाला, लाल काही आलं नाही. तेवढ्यात म्हातारा आत आला आणि माझ्यामागे उभा राहिला. स्क्रीनवर एक नजर टाकली त्यानं. एकच. सेक्रेटरी हसत म्हणाले, टाका, गळती टाका, आमच्याकडे तीच जास्त. मी टाकलं. शून्य. पार्किंग. शून्य. कमिटीतला एकजण म्हणाला, कबुतर बघा. कबुतर, शून्य. सेक्रेटरींचं हसू तिथल्या तिथे विरलं. ते मालकाला म्हणाले, म्हणजे तुमच्या हिशेबानं आमची सोसायटी अगदी सुखात आहे. बाकीचे दोघं फिदीफिदी हसले. मालकाचे कान लाल झाले. "कोणी लिहिलंय हे?" त्यानं विचारलं.

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, शपथेवर सांगते. वाचक वर होता, पत्रं खाली. तिसऱ्या आठवड्यातली फाइल. एक ओळ खाली घ्यायची होती, बस. आणि तोंड उघडून सांगायचं होतं, मी लिहिलंय, माझी चूक, दोन मिनिटं द्या.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला.

शर्टाचं टोक बाहेर ओढलं आणि काच पुसायला लागला. माझ्याकडे बघितलं नाही, मालकाकडे नाही, कोणाकडेच नाही. एक काच. दुसरी. परत पहिली. खाली गोडाऊनमध्ये कोणीतरी लोखंड टाकत होतं, तेवढाच आवाज. मालकाला वाटलं असेल म्हातारा गोंधळलाय. मला मात्र माहीत होतं तो काय करतोय. मला वेळ देत होता. इतका वेळ त्यानं कधीच दिला नव्हता. आणि मी मूग गिळून बसले. मी आईचा विचार केला, पोस्टचा विचार केला, आता बोलले तर मालक म्हणेल उद्यापासून येऊ नकोस, असा सगळा विचार केला.

त्यानं चष्मा चढवला. "चूक माझी आहे," म्हणाला. "एक ओळ जागेवर नाही. सोमवारी या, दाखवतो."

दाखवायला तो राहिलाच नाही. सेक्रेटरी गेल्यावर मालकानं त्याला केबिनमध्ये घेतलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण मालकाचे हात दिसत होते. मग म्हातारा बाहेर आला, पिशवी उचलली आणि जिना उतरला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. कीबोर्ड टॉवेलासकट टेबलावरच राहिला, तो मी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. सोमवारी सेक्रेटरींसमोर मी पांढऱ्या स्क्रीनपासून लिहिलं. बावीस मिनिटं. गळतीची पत्रं आली तेव्हा ते उठून उभे राहिले. माझी नोकरी पक्की झाली.

आता मला सांगा, राग येणार नाही तर काय होणार? कोणी सांगितलं होतं त्याला माझी चूक अंगावर घ्यायला? मी हात जोडले होते? मदत करायची तर सरळ मालकाला सांगायचं, हिनं लिहिलंय, ओळ खाली घेतली की चालेल. हे काय, स्वतः थोर व्हायचं आणि मला आयुष्यभर खाली मान घालायला लावायची? आणि ते थोरपण मिरवायलाही थांबला नाही.

मालकानं तर त्याची गोष्टच बनवली. प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला सांगायचा. आमच्याकडे एक सर होते, वय झालेलं, मुलुंडचं काम घालवलंच होतं त्यांनी, मग या मॅडमनी बावीस मिनिटांत वाचवलं. आणि माझ्याकडे हात करायचा. मी हसायचे. चौदा महिने हसले. मध्ये एकदा पवईच्या कुठल्याशा कंपनीतून फोन आला होता, म्हाताऱ्याला कामाला घ्यावं का विचारायला. मालक माझ्यासमोर म्हणाला, "नॉलेज आहे, पण चुका होतात आता, वय आहे यार." तेव्हाही मी समोरची फाइल चाळत राहिले.

मागच्या आठवड्यात कपाटं साफ करायला काढली. मालक म्हणाला, तो जुना कीबोर्ड भंगारात टाक. माझा हात काही होईना. रविवारी तो घेऊन मी बोरिवलीला गेले. आईला म्हटलं, परत करायला जातेय. वाटेत बसमध्ये काय काय ऐकवायचं त्याची उजळणी केली होती.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगितल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, अगंबाई, तुम्हीच का त्या तक्रारीवाल्या, तुमच्यावर फार चिडायचे हो, रोज घरी येऊन डोकं खायचे, आज तिनं हे चुकवलं, आज ते. मला बरं वाटलं. निदान तिकडेही जळत होतं.

तो खिडकीशी बसला होता. वाळला होता जरा. मी कीबोर्ड पुढे केला. त्यानं टॉवेल उघडून बघितला आणि म्हणाला, मला नको, मी दुसरा घेतला. एवढ्या लांब आलेल्या माणसाला हे स्वागत. माझी सटकली. उजळणी केलेलं सगळं बाजूला राहिलं.

"ती फाइल माझी होती, सर."

"माहितीये."

"मग चूक माझी म्हणून का सांगितलंत? मी सांगितलं होतं तुम्हाला?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "रोज सहाला पुसायचं काम कोणाचं होतं?"

"तुमचं."

"तू पेनड्राइव्ह लावलास तेव्हा मी खिडकीशी होतो. काचेत सगळं दिसत होतं. म्हटलं, भित्री आहे, असू दे एक आधार. पेनड्राइव्ह मागून घेऊन ती फाइल पुसायला हवी होती, मी सोडली. दोन महिन्यांत तेवढी एकदाच दया केली आणि तीच नडली. मग चूक कोणाची?"

म्हणजे चौदा महिने मी ज्याला उपकार म्हणून शिव्या घालत होते, तो उपकार नव्हताच. या माणसानं आपली चूक आपली म्हणून सांगितली होती, झालं. मला कुठे बसावं कळेना. माझा आवाज चढला. मी विचारलं, मग तो चष्मा कशाला पुसत होतात एवढा वेळ?

"वाट बघत होतो. तू बोलली असतीस तर अर्धी तुझी झाली असती," तो म्हणाला. "नाही बोललीस. सगळी माझ्याकडेच राहिली."

हे तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो कीबोर्डच्या फटीतली धूळ टॉवेलानं काढत होता. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी त्यांना थँक्यू म्हटलं ते कसं म्हटलं मलाच माहीत. मी पवईच्या फोनचं सांगितलं, मालक सगळ्यांना काय सांगतो तेही सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला ते ठाऊक असावं. त्यानंतर त्याला कुठलंच काम मिळालं नव्हतं, हे बायकोच्या तोंडून आलं, त्याच्या नाही.

मग त्यानं टॉवेल बाजूला ठेवला. "मालकाला सांगितलंस?" त्यानं विचारलं, आणि चष्मा काढला.

शर्टाचं टोक, एक काच, मग दुसरी. जसाच्या तसा. माझी बोटं तशीच गार पडली. सांगितलं तर मालक ती गोष्ट परत कोणाला सांगणार नाही, आणि मला केबिनमध्ये बोलावून काय म्हणेल ते मला माहीत होतं. चाळीस उलटलेली बाई, परत कुठे टायपिंग शोधणार? मनात या म्हाताऱ्याला मी एवढ्या शिव्या घातल्या की विचारू नका. घरी बोलावलं नव्हतं, चहाला थांब म्हटलं नव्हतं, आणि बसलाय परत काचा पुसत.

मी पर्सची चेन उघडून फोन काढला आणि मालकाला लावला. रविवार होता, पोरांच्या दंग्यातून तो म्हणाला, "हं, बोल गं." मी म्हटलं, मुलुंडची ती फाइल सरांची नव्हती, माझी होती. मी चोरून ठेवली होती. मग मी सगळं सांगितलं, पेनड्राइव्हचं, वाचकाचं, पवईच्या त्या फोनचं. मालक मध्येच म्हणाला, थांब, थांब, नीट सांग. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

माझं सांगून संपेपर्यंत म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला नाही.